डीजी कॉन्फरन्समधलं ठाण्यापर्यंत नेमकं काय पोचतं?

प्रश्न असा आलाय, की दरवर्षी देशभरातले पोलीस महासंचालक, म्हणजे डीजी, तीन दिवस एकत्र बसतात, आधुनिक आव्हानं आणि भागीदारी यावर चर्चा झाली अशी बातमी येते, फोटो येतात, मग पुढे काय होतं, ठाण्यात तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळतं का? विचारणारे एका नागरी सहकारी बँकेत आहेत, आणि जिल्ह्याच्या एसपी साहेबांनी त्यांना अशाच एका समन्वय बैठकीला बोलावलंय, तिथे काय तयारी करून जावं हेही त्यांनी विचारलंय. मी राज्य पोलीस दलात नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं आर्थिक गुन्हे आणि सायबरच्या तपासात गेली, त्यामुळे उत्तर त्या बाजूला जास्त झुकेल आणि लांबही होईल.

थेट सांगायचं तर मिळतं. पण सगळ्या बैठकांतून नाही. ज्या बैठकीतून उठताना "समन्वय वाढवावा" एवढंच लिहिलेलं नसतं, तर अमुक बँकेचा अमुक अधिकारी रात्री दोन वाजता फोन उचलेल, त्याला रक्कम थांबवायचा अधिकार असेल आणि एवढ्या वेळात उत्तर देईल असं लिहिलेलं असतं, त्या बैठकीचा फरक पुढच्या आठवड्यात ठाण्यात दिसतो. बाकीच्यांचं इतिवृत्त तयार होतं, सह्या होतात, फाइलला लागतं.

आधी ही परिषद म्हणजे काय ते बघू. ती भरवते इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे केंद्राची गुप्तवार्ता यंत्रणा. २०१३ पर्यंत ती दिल्लीतच व्हायची, २०१४ ला पहिल्यांदा गुवाहाटीला नेली, मग कच्छच्या रणात धोर्डो, हैदराबादची पोलीस अकादमी, टेकनपूर, केवडिया, २०१९ ला आपल्या पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेच्या आवारात, आणि २०२५ ची साठावी रायपूरला झाली. पंतप्रधान, गृहमंत्री, सगळ्या राज्यांचे डीजी, केंद्रीय दलांचे प्रमुख असे सगळे असतात. गुवाहाटीच्या परिषदेतून "स्मार्ट पोलिसिंग" ही कल्पना आली, कडक पण संवेदनशील, आधुनिक, सतर्क, जबाबदार, तंत्र जाणणारा आणि प्रशिक्षित पोलीस असा त्याचा अर्थ. धोर्डोच्या २०१५ च्या परिषदेतून पोलीस ठाण्यांना गुण देऊन क्रमवारी लावायचं ठरलं आणि ते आजही दरवर्षी होतं, म्हणजे तिथे ठरलेलं खाली येतच नाही असं म्हणणं चुकीचं आहे.

पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, पोलीस हा राज्याचा विषय आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत दुसऱ्याच नंबरला. त्यामुळे त्या परिषदेत जे ठरतं ते कुठल्याही राज्याला हुकूम म्हणून लागू होत नाही, राज्याने मान्य केलं, पैसे दिले, परिपत्रक काढलं, जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस प्रमुखांनी क्राइम मीटिंगमध्ये पाठपुरावा केला तरच ते ठाण्यात उतरतं. आणि आजचा गुन्हा तर राज्याची हद्द मानतच नाही. फिर्यादी साताऱ्याचा, सिमकार्ड आसामचं, खातं राजस्थानातलं, एटीएममधून पैसे काढले बंगालमध्ये आणि फोन करणारा देशाबाहेर. असल्या गुन्ह्यात कुणाचाच हुकूम कुणावर चालत नाही, म्हणून भागीदारी करावीच लागते, ती कुणी मोठ्या मनाने केलेली नसते. डीजी लोक एकमेकांना ओळखत असले की तपासाला परराज्यात गेलेल्या आपल्या टीमला स्थानिक ठाण्याची मदत लवकर मिळते, हे मी स्वतः अनुभवलंय. त्या तीन दिवसांत चहाच्या वेळात जी ओळख होते तिची किंमत कमी समजू नका. फक्त ती ओळख त्या दोन माणसांपुरती राहते, बदली झाली की संपते, तिची व्यवस्था झाली तर ती टिकते.

आता व्यवस्था झाली म्हणजे काय होतं त्याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण १९३०, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा हेल्पलाइन नंबर. हे जरा सविस्तर सांगतो कारण विचारणारे बँकेतले आहेत.

पूर्वी ऑनलाइन फसवणुकीची तक्रार आली की तपासी अधिकारी बँकेला पत्र किंवा मेल पाठवायचा. शाखेवाले म्हणायचे हेड ऑफिसला विचारा, हेड ऑफिस म्हणायचं लीगलला पाठवलंय, मधे शनिवार रविवार आला की संपलंच. तोवर पैसे पहिल्या खात्यातून चार पाच खात्यांत, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी एटीएम, चेक नाहीतर क्रिप्टो. स्टेटमेंट हातात यायचं तेव्हा त्यात शिल्लक काहीशे रुपये. तपास चालायचा, आरोपी कधीकधी सापडायचा, पैसे जवळपास कधीच नाही. २०२१ मध्ये केंद्राच्या सायबर क्राइम समन्वय केंद्राने, ज्याला सगळे आयफोरसी म्हणतात, पोलीस, बँका आणि वॉलेटवाल्यांना एकाच सिस्टीमवर आणलं, तेव्हा नंबर १५५२६० होता, पुढे तो १९३० झाला. आता फोन आला की राज्य पोलिसांचा ऑपरेटर रक्कम, वेळ, यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर भरतो, तिकीट थेट बँकेकडे जातं, पैसे खात्यात असतील तर बँक तेवढी रक्कम होल्ड करते, पुढे गेले असतील तर कुठे गेले ते टाकते आणि तेच तिकीट पुढच्या बँकेकडे सरकतं. पत्र नाही, जावक क्रमांक नाही.

यात नवं तंत्रज्ञान फार नाहीये हो. नवं काय, तर जोडलेल्या प्रत्येक बँकेने आधीच मान्य केलंय की या तिकिटावर आम्ही इतकं करू. म्हणजे भांडण आधी उरकून घेतलं, प्रसंग येईपर्यंत थांबले नाहीत. २०२५ च्या मध्यापर्यंत या व्यवस्थेतून साधारण साडेपाच हजार कोटी रुपये वाचले असं सरकारने संसदेत सांगितलं. ऐकायला मोठं वाटतं, पण त्याच सरकारी उत्तरांप्रमाणे एकट्या २०२४ मध्ये लोकांचे २२,८४५ कोटी गेले, आदल्या वर्षी ते साडेसात हजार कोटींच्या आत होते. म्हणजे व्यवस्था चालते, पण चोर तिच्यापेक्षा वेगाने पळतोय. वाचले ते पैसे बहुतेक लवकर फोन करणाऱ्यांचे. पहिल्या तासादोन तासात फोन आला तर पैसे पहिल्या दुसऱ्या खात्यात सापडायची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात आलेल्या माणसाला काय सांगायचं हे ड्युटीवरच्या अंमलदारालाही कळत नाही. व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसांनी घाबरवून केलेल्या "डिजिटल अरेस्ट"च्या नावाखाली निवृत्तीचे सगळे पैसे गेलेली वयस्कर माणसं समोर बसलेली मी पाहिलीत, रडतही नाहीत, नुसती पावती पुन्हा पुन्हा दाखवतात. कायद्यात डिजिटल अरेस्ट अशी काही गोष्टच नाही, हे आता पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मन की बातमध्ये सुद्धा सांगितलं, तरी रोज कुणीतरी अडकतं.

आता याच भागीदारीची दुसरी बाजू, जी वरच्या बैठकांत फार कमी बोलली जाते आणि मला ती खूप महत्त्वाची वाटते. चोराचे पैसे फिरत फिरत एखाद्या किराणा दुकानदाराच्या खात्यात तीनशे रुपये म्हणून येतात, त्याने माल दिलेला असतो, त्याला काही माहीत नसतं, आणि त्याचं अख्खं खातं गोठवलं जातं. का? तर दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यातून बँकेला तिकीट आलं. तो शाखेत जातो, शाखा म्हणते पोलिसांना विचारा, कुठले पोलीस, तर हजार किलोमीटरवरचं ठाणं, मेल करा, उत्तर नाही. पगार अडकतो, हप्ता चुकतो. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की वादातली जेवढी रक्कम तेवढीच अडवा, पूर्ण खातं नको. इतर कोर्टांनीही वेळोवेळी कान टोचलेत. माझं मत सांगतो, गोठवायला जर झटपट चालणारी व्यवस्था उभी केलीय तर सोडवायलाही तितकीच ठरलेली व्यवस्था पाहिजे, कोणाकडे अर्ज करायचा, किती दिवसांत निर्णय, नाही झाला तर वर कोण. जी भागीदारी फक्त अडवायला जमते ती लोकांच्या मनातून उतरते, आणि लोकांच्या मनातून उतरली की तेच लोक १९३० ला फोन करायलाही कचरतात. बैठकीत हा मुद्दा बँकवाल्यांनीच काढायला पाहिजे कारण काउंटरवर शिव्या तेच खातात.

वाचलेली रक्कम फिर्यादीला परत मिळायलाही सहसा कोर्टाचा आदेश लागतो, पूर्वी सीआरपीसीचं कलम ४५७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५०३. होल्ड झालेली रक्कम महिनोन्‌महिने तशीच पडून राहते कारण अर्ज कुणी करायचा, कोर्टात से, म्हणजे लेखी म्हणणं, कुणी द्यायचं हेच कुणाला माहीत नसतं. गुजरातने हे पैसे लोकअदालतीतून परत द्यायला सुरुवात केली, चांगला मार्ग आहे. म्हणजे भागीदारीच्या टेबलावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा माणूसही हवा, तो सहसा नसतो.

दुसरं उदाहरण समुद्राचं. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण "कुबेर" नावाची मासेमारी बोट बळकावून आले आणि मुंबईत कफ परेडला बधवार पार्कजवळ उतरले, तेव्हा तिथल्या कोळी लोकांनी त्यांना पाहिलं होतं, हटकलं पण होतं. म्हणजे पाहणारा होता, पण त्याने पाहिलेलं वेळेत पुढे न्यायला पक्की वाट नव्हती, आणि यंत्रणांकडेही माहिती तुकड्यातुकड्यात होती. कारगिलनंतर २००१ मध्ये सुरू झालेलं, वेगवेगळ्या यंत्रणांची गुप्त माहिती एकत्र करणारं मल्टी एजन्सी सेंटर २६/११ नंतर नव्याने बांधलं गेलं, आणि माहिती एकमेकांना देणं हे सौजन्य न राहता कर्तव्य झालं. सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांना ओळखपत्रं, किनारी सुरक्षेच्या हेल्पलाइनचा १०९३ नंबर, हे सगळं आलं. पण यातली मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे "सागर कवच" सराव. आपलीच माणसं हल्लेखोर बनून समुद्रातून घुसायचा प्रयत्न करतात, आणि नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, कस्टम्स, मत्स्यव्यवसायवाले, गावातले मच्छीमार यांनी मिळून त्यांना पकडायचं. जिथून आत शिरले ते भोक कळतं. कागदावर सगळ्यांची भागीदारी उत्तम असते, सरावात कळतं की एका यंत्रणेचा वॉकीटॉकी दुसरीला ऐकूच येत नाही. मग मला प्रश्न पडतो की सायबरमध्ये असला सराव का नाही? शनिवारी रात्री अकराला एक खोटं तिकीट टाका आणि बघा कुठली बँक किती मिनिटांत उत्तर देते. जिल्हा पातळीवर एसपीने ठरवलं आणि बँकांनी साथ दिली तर हे बिनखर्चात होतं.

ड्रग्जचा विषय थोडक्यात सांगतो, पण तिथेही हेच. एनकॉर्ड नावाची ड्रग्जविरोधी चार थरांची समन्वय व्यवस्था आहे, अगदी जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली समिती असते. महाराष्ट्रात एमडी, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचे कारखाने कुठे सापडले ते आठवा, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या युनिटवर धाड घातली आणि त्या कारवाईत हजार कोटींवर किमतीचा माल निघाला. रस्त्यावर पुडी विकणाऱ्या पोराला पकडून हे कळत नाही. बंद पडलेलं केमिकल युनिट अचानक रात्री चालू झालं, वीज जास्त ओढतंय, कच्चा माल वेगळाच येतोय, हे दिसतं महावितरणच्या माणसाला, एमआयडीसीच्या अधिकाऱ्याला, फॅक्टरी इन्स्पेक्टरला, प्रदूषण मंडळाला. यातल्या कुणालाही आपण एलसीबीला, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेला फोन करावा असं वाटत नाही, कारण कुणी तसं सांगितलेलंच नसतं आणि फोन केला तर पंच म्हणून कोर्टात चकरा माराव्या लागतील ही भीती असते. ही भीती खरी आहे, ती पोलिसांनीच दूर करायला पाहिजे, माहिती देणाऱ्याचं नाव कागदावर न येता माहिती घेता येते.

पुरावा आणि कोर्ट. १ जुलै २०२४ पासून नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले, झडती जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आलं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आलं (राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलीय). हे सगळं पोलीस एकट्याने करूच शकत नाहीत, लॅब, सरकारी वकील, कोर्ट, सरकारी संगणक यंत्रणा सांभाळणारं एनआयसी सगळे लागतात. आणि डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र, पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम ६५ ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३, त्याच्यावरून किती चांगल्या केस ढासळल्या. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातच सांगून टाकलं की प्रमाणपत्र लागतंच, मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी. त्या केसमध्ये रेकॉर्डिंग सरकारी कार्यालयाचं होतं आणि मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हतं. म्हणजे पुरावा ज्याच्याकडे आहे त्याने योग्य कागद दिला नाही तर तपासी अधिकारी अडकतो, तो कागद कोर्टामार्फत मागवत बसावं लागतं. बँकांच्या बाबतीत तर बँकर्स बुक्सचं, म्हणजे बँकेच्या नोंदी खऱ्या असल्याचं प्रमाणपत्रही आलं. माझ्या काळात एका बँकेने स्टेटमेंट दिलं, प्रमाणपत्रावर सही केलेला अधिकारी साक्षीला आला आणि म्हणाला मला हे सिस्टीममधून कुणी काढलं ते माहीत नाही. इतक्या महिन्यांचं काम, आणि बचावाच्या वकिलाला आयतं मिळालं.

देशाबाहेरचं कमी बोलतो कारण तिथे जिल्हा पातळीवर फारसं काही हातात नाही. आयटी नियम २०२१ प्रमाणे सोशल मीडिया कंपन्यांनी अधिकृत मागणी आल्यावर ७२ तासांत माहिती द्यायची आहे, प्रत्यक्षात अर्ज बरोबर भरला नाही म्हणून परत येणारेच जास्त, त्यामुळे ठाण्यातल्या पोरांना तो अर्ज नीट भरायला शिकवणं हे मोठ्या भाषणापेक्षा उपयोगी. इंटरपोलकडे जाणाऱ्या विनंत्यांसाठी सीबीआयने जानेवारी २०२५ मध्ये भारतपोल पोर्टल सुरू केलं, आधी ते पत्रांवर चालायचं. आणि कंबोडिया म्यानमारमधल्या त्या स्कॅमच्या वसाहती, तिथून फोन करणाऱ्यांत आपलीच मुलं आहेत, नोकरीच्या आमिषाने नेलेली आणि डांबून ठेवलेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेवर भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. ही मुलं आरोपी का पीडित, हा प्रश्न एकटा पोलीस सोडवू शकत नाही, पण परत आलेल्या प्रत्येकाकडून एजंटचं नाव नीट घेतलं गेलं तर पुढची मुलं वाचतात, आणि तो एजंट बहुतेक वेळा त्याच्या ओळखीतला निघतो.

मग इतकं सगळं कळत असून अडतं कुठे? माझ्या मते सगळ्यात जास्त अडतं बदल्यांवर. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये डीजींना किमान दोन वर्षं, तपास आणि कायदा सुव्यवस्था वेगळी, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण वगैरे निर्देश दिले, महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून काही आणले, पण देशभर चित्र असं की प्रभारी डीजी नेमले जातात, एसपी वर्ष सव्वा वर्षात जातो. ज्याने परिषदेत शब्द दिला तो पाठपुराव्याच्या वेळी तिथे नसतोच. नवा साहेब येतो, त्याच्या डोक्यात त्याची वेगळी योजना असते. म्हणून मी मघाशी जे म्हटलं की अमुक अधिकारी फोन उचलेल, ते नाव आजचं, पण नंबर खुर्चीचा पाहिजे, चार्ज देताना सिमकार्ड सुद्धा सोपवायचं. कितीतरी जिल्ह्यांत नोडल, म्हणजे संपर्कासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांची यादी भिंतीवर असते आणि त्यातले निम्मे कधीच बदलून गेलेले असतात. तपास शाखेच्या माणसाला बंदोबस्तावर काढणं हे तर रोजचं, गणपती, निवडणूक, मोर्चा, आणि तिकडे १९३० वर आलेल्या तक्रारीचा एफआयआर करायला माणूस नाही.

दुसरं म्हणजे त्या खोलीत कोण बसतं. अलीकडे परिषदेच्या आधी खालपर्यंत विषय विचारले जातात, कनिष्ठ अधिकारी ऑनलाइन जोडले जातात, ही चांगली सुधारणा आहे. पण राज्याच्या आणि जिल्ह्याच्या बैठकीत अजून सादरीकरण करतो डीवायएसपी, आणि ज्याला खरंच माहीत आहे की कुठली बँक तिकिटाला उत्तर देत नाही तो सायबरचा हवालदार बाहेर प्रोजेक्टरची वायर बघत उभा असतो. त्याला आत बसवा, दहा मिनिटं बोलू द्या. माझ्या नोकरीतल्या सगळ्यात उपयोगी सूचना मला हवालदार आणि महिला अंमलदारांकडून मिळाल्यात.

आणि लोक. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर काही वर्षांनी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दर समितीत एक पोलीस आणि त्याच वस्तीतली दोन्ही समाजांची साधी माणसं, आणि ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला कमिटी सुरू झाल्या. आज भागीदारी म्हटलं की लोक कंपनी, अ‍ॅप, कॅमेरा, एआय याबद्दल बोलतात, पण भिवंडीत जे चाललं ते का चाललं, तर पोलीस दर पंधरा दिवसांनी तिथे जाऊन बसत होते, दंगल नसतानाही. गावात पोलीस पाटील आहे, त्याला कायद्याने स्थान आहे १९६७ च्या कायद्याने, त्याला सायबरचं दोन तासांचं प्रशिक्षण दिलं तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पहिला फोन कुणाला करायचा ते कळेल. कंपन्यांशी भागीदारी करताना मात्र एक गोष्ट आधी लिहून घ्यावी, लोकांचा डेटा कोण बघणार, किती दिवस ठेवणार, करार संपल्यावर पुसणार का. २०१७ पासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सोसायटीने विश्वासाने दिलेलं कॅमेऱ्याचं फुटेज उद्या कुठल्या ग्रुपवर फिरलं तर ती सोसायटी पुन्हा दार उघडणार नाही.

आता तुमच्या बैठकीबद्दल. सादरीकरण नका नेऊ. जाण्याआधी तुमच्या आयटीवाल्यांना एवढं विचारा की १९३० चं तिकीट आपल्याकडे थेट येतं की प्रायोजक बँकेमार्फत, कारण बऱ्याच छोट्या सहकारी बँका यूपीआयला दुसऱ्या बँकेच्या आधारावर असतात आणि तिथेच तास दोन तास जातात, हा वेळ मोजून न्या. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री होल्ड कोण टाकतं, त्याला वरच्या कुणाची परवानगी लागते का, लागत असेल तर ती अट काढायचा संचालक मंडळाचा ठराव होऊ शकतो का ते बघा. गेल्या वर्षात तुमच्या बँकेत किती खाती चोरांना पैसे फिरवायला भाड्याने दिलेली निघाली आणि ती कुठल्या शाखेत उघडली गेली, हे आकडे लपवू नका, पोलिसांना बँकेची बदनामी करायची नसते, ती खाती उघडून देणारा माणूस पाहिजे असतो, आणि तो बहुतेक त्याच परिसरात चार पाच बँकांत फिरलेला असतो. बाकीच्या बँकांचे लोक पण तिथे असतील, त्यांच्याशी हे जुळवून बघा. पुराव्याच्या प्रमाणपत्रावर बँकेतर्फे सही करणारा अधिकारी ठरवून ठेवा, ज्याने डेटा स्वतः काढलाय तोच, आणि त्याचं नाव एसपी ऑफिसला देऊन टाका.

आणि बैठकीत तुम्ही दोन गोष्टी मागा. एक, जिल्ह्याच्या सायबर ठाण्याचा चोवीस तास चालणारा एक नंबर, व्यक्तीचा नाही, ठाण्याचा. दुसरं, तुमच्या निरपराध ग्राहकाचं खातं परराज्यातल्या तिकिटावर गोठलं तर जिल्हा पोलिसांपैकी कोण त्या राज्याशी बोलणार आणि किती दिवसांत उत्तर देणार. पहिल्याला लगेच होकार येईल. दुसऱ्यावर थोडी कुरकुर होईल, आमच्या हातात नाही म्हणतील, तरी इतिवृत्तात तो मुद्दा तुमच्या बँकेच्या नावाने लिहून घ्या आणि पुढची बैठक ठरेल तेव्हा विषयपत्रिकेत तोच पहिला टाकायला सांगा.